खानदानाचे २० गुण

मधुमेहाचा धोका रक्त न काढता अंदाजायचा तर आपल्याकडे एक सोपी गुणपद्धत आहे. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००५ मध्ये मांडली. चार प्रश्न, एकूण १०० गुण. वय ३५ ते ४९ असेल तर २०, पन्नाशी गाठली असेल तर ३०. पुरुषाची कंबर ९० ते ९९ सेंटिमीटर किंवा बाईची ८० ते ८९ असेल तर १०, त्याहून जास्त असेल तर २०. व्यायाम नाही आणि कामही बसून, तर ३०. आई-वडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. बेरीज ६० किंवा त्याहून जास्त झाली की धोका मोठा समजायचा आणि रक्त तपासायचं.

नागपुरात कोणत्याही दवाखान्यातल्या बाकावर पाच मिनिटं बसलं की ‘आमच्याकडे शुगर खानदानीच आहे’ हे वाक्य कानावर पडतं. ज्या खानदानावर सगळा भार टाकला जातो त्याला या हिशेबात जास्तीत जास्त २० गुण आहेत. कंबर आणि हालचाल मिळून ५० आहेत. शिवाय त्या २० मध्येही सगळी जनुकं नाहीत. घराण्याकडून माणसाला डीएनए मिळतो, तसा फोडणीचा हात मिळतो, रात्री साडेदहाचं जेवण मिळतं आणि ‘पोट सुटलं म्हणजे बरं चाललंय’ ही समजूतही मिळते. नवरा-बायकोचं उदाहरण घ्या. दोघांचं रक्ताचं नातं नसतं, तरी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा एकाला मधुमेह असल्यास दुसऱ्याचा धोका सुमारे २६ टक्क्यांनी जास्त निघाला.

‘जनुकं की वातावरण’ या प्रश्नाला ‘दोन्ही’ हे उत्तर खरं आहे, पण त्यावरून कोणाला काहीच करता येत नाही. त्यापेक्षा तीन वेगळी विधानं करता येतात. बहुतेकांसाठी घराण्याचा इतिहास हा तपासणी कधी सुरू करायची हे सांगणारा आकडा आहे. आजार टळणार की नाही याचा तो निकाल नव्हे. थोड्या घरांत मात्र एकच जनुक खरोखर जीवघेणं असतं, आणि ती घरं नेमकी आपल्या हातून सुटतात. आणि सार्वजनिक पैसा जनुकं वाचण्यावर घालण्याआधी शहर काय खातं, काय चघळतं आणि कुठे चालतं यावर घालायला हवा.

विदर्भातल्या माणसाला आनुवंशिक आजार पुस्तकातून शिकावा लागत नाही. सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आजार, इथल्या अनेक वस्त्यांत ओळखीचा आहे. ‘एएस पॅटर्न’ (एक प्रत सदोष, म्हणजे वाहक), ‘एसएस पॅटर्न’ (दोन्ही सदोष, म्हणजे रुग्ण) हे शब्द लग्नाच्या बोलणीत येतात. हिमोग्लोबिनचा भाग असलेल्या बीटा ग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराचा बदल होतो आणि प्रथिनातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येतं. दोन्ही पालक एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएस मूल होण्याची शक्यता २५ टक्के. कितीही चाला, काहीही खा, पॅटर्न बदलत नाही. हे गणित इतकं स्वच्छ आहे की आपण नकळत तेच शुगरला आणि हार्टला लावतो. तिथे ते लागू पडत नाही. टाइप २ मधुमेहाशी जोडलेल्या जागा जनुकसंचात शेकड्यांनी आहेत आणि बहुतेकांचा वाटा चिमूटभर. सर्वसाधारण लोकांत आढळणाऱ्यांपैकी सर्वांत जोरकस समजलं जाणारं टीसीएफ७एल२ हे जनुकसुद्धा धोकादायक रूपाच्या प्रत्येक प्रतीमागे धोका साधारण ४० टक्क्यांनी वाढवतं. आणि तेही अटळ नाही. अमेरिकेतल्या मधुमेह-प्रतिबंध चाचणीत या रूपाच्या दोन्ही प्रती असलेल्यांपैकी ज्यांना औषधाऐवजी नुसती दिखाऊ गोळी दिली होती त्यांचा धोका इतरांपेक्षा स्पष्ट जास्त होता. वजन ७ टक्के कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, एवढं करणाऱ्या गटात हा फरक जवळपास पुसला गेला.

मग ‘हृदयविकार ५७ टक्के आनुवंशिक’ असे आकडे येतात कुठून? स्वीडनमधल्या जुळ्यांच्या अभ्यासातून. हृदयधमनीच्या आजाराने होणाऱ्या मृत्यूबाबत पुरुषांसाठी ५७ आणि स्त्रियांसाठी ३८ टक्के असा तो आकडा आहे, आणि तो चुकीचा नाही. आपण तो चुकीचा वाचतो. ‘माझ्या आजारात ५७ टक्के दोष जनुकांचा’ असा त्याचा अर्थ होतच नाही. एका विशिष्ट समाजात, एका विशिष्ट काळी, माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला किती जनुकांच्या फरकाने समजावता येतो, एवढंच तो सांगतो.

काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागायतदाराला हे चटकन कळेल. जंबेरीच्या खुंटावर एकाच मातृवृक्षाचे डोळे भरून केलेली कलमं लावली, तर बागेतलं प्रत्येक झाड जनुकांनी सारखंच. तरी खोलगट, पाणी साचणाऱ्या ओळीत डिंक्या लागतो आणि उंचावरची ओळ टवटवीत राहते. या बागेत झाडाझाडातल्या फरकाची आनुवंशिकता शून्य. आता उलट करा. एकसारखी निचऱ्याची जमीन, सारखं ठिबक, सारखं खत, आणि कलमं दहा वेगवेगळ्या जातींची. आता दिसणारा फरक जवळपास सगळा जातीचा, म्हणजे आनुवंशिकता शंभराच्या घरात. पण विहीर आटली तर दहाही जातींचं पीक निम्म्यावर येईल, आणि जातीजातीतलं अंतर टिकून राहिलं तर कागदावर टक्केवारी शंभरच दिसेल. पाण्याचा प्रश्न त्या आकड्यात दिसणारच नाही.

आपल्या शहराचं तसंच होत चाललं आहे. सगळेच दुचाकीवर, सगळ्यांच्याच ताटात भात-पोळी जास्त आणि डाळ-भाजी कमी, सगळेच रात्री उशिरा झोपतात. वातावरण जितकं एकसारखं वाईट, तितका उरलेला फरक जनुकांचा दिसतो. मग तोच आकडा दाखवून कोणी म्हणतं, बघा, हे तर आनुवंशिक आहे.

वातावरणाचा वाटा पाहायचा तर एकाच समाजातली माणसं एकमेकांशी ताडून भागत नाही. समाजाशी समाज किंवा काळाशी काळ ताडावा लागतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) १९७० च्या दशकातल्या पाहणीत शहरी भारतात मधुमेहाचं प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास होतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासात ते देशभरात ११.४ टक्के निघालं, शहरांत १६.४ आणि खेड्यांत ८.९. निदानाचे निकष बदलले, माणसं जास्त जगू लागली, हे सगळं वजा केलं तरी दोन पिढ्यांत जनुकं बदलत नाहीत. पिमा या मूळ अमेरिकी जमातीचं उदाहरण आणखी बोलकं आहे. ॲरिझोनातल्या पिमांमध्ये मधुमेह ३८ टक्के, मेक्सिकोच्या डोंगरात शेती करणाऱ्या त्यांच्याच भाईबंदांत ६.९ टक्के. त्याच डोंगरातल्या पिमा नसलेल्या शेजाऱ्यांत २.६. म्हणजे जनुकांचा थोडा हात असूही शकतो. पण ६.९ वरून ३८ वर नेणारी गोष्ट रक्तात नव्हती.

हृदयाचंही असंच. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात पहिल्या झटक्याचा सुमारे ९० टक्के धोका नऊ घटकांनी समजावता आला: तंबाखू, रक्तातली चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळं-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव आणि दारू. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी येतो, इतरांना ५९ च्या आसपास. ही सहा वर्षं ‘आपल्या रक्तातच आहे’ म्हणून सोडून देण्याची सवय डॉक्टरांनाही आहे. अभ्यासकांनी पाहिलं तेव्हा फरकाचा मोठा भाग असा निघाला की हेच घटक आपल्याकडे लवकर जमा होतात.

एक आकडा मात्र या बाजूने वाद घालणाऱ्यालाही टोचतो. अमेरिकेतल्या चाचणीत जीवनशैली बदलून मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या भारतीय चाचणीत, २००६ मध्ये, ते २८.५ टक्क्यांनीच घटलं. आपले लोक मुळात बारीक होते, त्यांचं वजन फारसं उतरलंही नाही, आणि ज्यांना फक्त नेहमीचा सल्ला दिला होता त्यांच्यातले निम्म्याहून जास्त तीन वर्षांत मधुमेही झाले. म्हणजे भारतीय शरीरात काहीतरी वेगळं आहेच. ते जनुकच असलं पाहिजे, हा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक या प्रश्नामागे अनेक वर्षं आहेत. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. दिसायला बारीक, आतून चरबीदार. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात हा साचा जन्माच्या वेळीच दिसला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५. स्नायू, पोटातले अवयव, सगळं कमी. कातडीखालची चरबी मात्र जवळपास टिकलेली. दिल्लीत जन्मापासून पाहिलेल्या मुलांच्या अभ्यासात पुढचा दुवा मिळाला. पहिल्या दोन वर्षांत हडकुळी असलेली आणि नंतर शाळेच्या वयात भराभर वजन चढलेली मुलं तिशीच्या आसपास मधुमेहाच्या वाटेवर होती.

गर्भाशय हेही वातावरणच आहे. पण मूल आईकडून आजार ‘घेऊन’ येतं तेव्हा आपण ते जनुकांच्या खात्यावर टाकतो. पिमांच्याच घरांत हे वेगळं काढता आलं. एकाच आईची मुलं तपासली, काही तिला मधुमेह होण्याआधी जन्मलेली, काही नंतर. आई तीच, बाप तोच, तरी नंतर जन्मलेल्या भावंडांत मधुमेहाची शक्यता तिपटीहून जास्त होती.

महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयी आहेत, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी सांगते. म्हणून हृदयविकाराच्या प्रतिबंधाची पहिली जागा प्रसूतीपूर्व तपासणीची ओपीडी आहे, कार्डिओलॉजीचा वॉर्ड नव्हे. गरोदरपणातल्या साखरेची तपासणी सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिली पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं. उपाशी असण्याची गरज नाही. दोन तासांनी साखर १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर त्या दिवसाचा निकाल धरायचा नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची. एकदा पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत. चूक होते ती पुढे. बाई बाळंतपणाला माहेरी जाते, फाइल तिकडेच राहते, आणि सहा आठवड्यांनी करायची तपासणी कोणीच करत नाही. पुढे चाळिशीत तिला शुगर निघते तेव्हा ती ‘अचानक’ निघालेली असते.

आता उलट बाजू, कारण ‘सगळं तुमच्या हातात आहे’ हे प्रवचनही माणसं मारतं.

काहींच्या यकृताला रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, पुरेसं उचलता येत नाही. ते पकडणाऱ्या एलडीएल रिसेप्टरचं जनुक बहुतेकदा सदोष असतं. ब्राऊन आणि गोल्डस्टाईन यांना या शोधासाठी १९८५ चं नोबेल मिळालं. साधारण २५० ते ३०० माणसांमागे एकाला हा दोष असतो. उपचार न केल्यास अशा पुरुषांपैकी निम्म्यांना पन्नाशीपर्यंत हृदयधमनीचा आजार गाठतो. माणूस सडपातळ असतो, शाकाहारी असतो, रोज पहाटे अंबाझरी तलावावर चालून येतो, आणि एलडीएल २२० असतं. त्याला ‘तूप सोडा, सहा महिन्यांनी दाखवा’ सांगणं म्हणजे सहा महिने वाया घालवणं. एलडीएल १९० किंवा वर आलं की आधी टीएसएच, लघवीतली प्रथिनं, यकृत आणि साखर पाहायची, कारण थायरॉईड मंद असला किंवा मूत्रपिंडातून प्रथिनं गळत असली तरीही ते चढतं. ते सगळं ठीक असेल तर घोट्यामागच्या स्नायुबंधावर गाठ आहे का, पंचेचाळिशीच्या आत बुबुळाभोवती पांढुरकी कडा आहे का, हे बघायचं. आणि औषध सुरू करायचं. आहार लागतोच, पण तो इथे पुरत नाही.

सर्वांत मोठी गफलत त्यानंतर होते. बेचाळीस वर्षांच्या माणसाला अटॅक येतो, स्टेंट बसतो, सगळे नातेवाईक आयसीयूबाहेर उभे असतात, आणि त्यांच्यातल्या एकाचंही रक्त घेतलं जात नाही. एकाला हा दोष निघाला की त्याच्या प्रत्येक भावंडाला आणि प्रत्येक मुलाला तो असण्याची शक्यता ५० टक्के. एक घर पकडलं की तिघं-चौघं सापडतात. यापेक्षा स्वस्त शोध वैद्यकात क्वचितच असेल. मुलांची तपासणी आठ-दहा वर्षांची होण्याआधी व्हावी, कारण औषध त्या वयात सुरू करता येतं. रुग्णाचं स्वतःचं रक्त झटक्यानंतर २४ तासांच्या आत घ्यावं. पुढे एलडीएल काही आठवडे खोटं कमी दिसतं. उपाशीपोटाचा हट्ट नको. ट्रायग्लिसराईड ४०० च्या वर असेल तरच उपाशी पुन्हा करावं, कारण तिथे एलडीएल काढायचं नेहमीचं सूत्र चुकतं.

लायपोप्रोटीन-ए, रक्तातला एलडीएलसारखाच एक कण, हा दुसरा प्रकार. त्याची पातळी जवळपास पूर्ण जन्मजात ठरते, आहाराने हलत नाही, आणि म्हणूनच आयुष्यात एकदाच मोजली तरी पुरते. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा १२५ नॅनोमोल प्रति लिटरच्या वर धोका वाढतो. ही दोन एककं अहवालात सर्रास गोंधळात टाकतात. १०० चा आकडा एका एककात जास्त, दुसऱ्यात ठीक. ती जास्त निघाली तर घाबरून गुगल करण्यापेक्षा बाकीचे हलणारे आकडे, एलडीएल आणि रक्तदाब, इतरांपेक्षा खाली ओढायचे. तिसरा प्रकार हृदयाच्या स्नायूचा. एमवायबीपीसी३ या जनुकातली २५ अक्षरं गळालेली असणं दक्षिण आशियातल्या सुमारे ४ टक्के लोकांत आढळतं, असं २००९ मध्ये दिसून आलं. त्यातले बरेच जण अनेक वर्षं धडधाकट असतात, म्हणून सरसकट जनुक शोधत बसू नये. पण घरात कोणी तरुण वयात खेळताना किंवा झोपेत गेलं असेल, तर आई-वडील, भावंडं, मुलं सगळ्यांचा ईसीजी आणि इको करावा. ‘झोपेत गेले, नशीबवान’ म्हणून विषय संपवू नये.

तेव्हा जनुकांचं महत्त्व कमी लेखण्याचा प्रश्न नाही. ती जिथे खरंच बोलतात तिथे आपण ऐकत नाही, आणि जिथे पुटपुटतात तिथे त्यांच्या नावाने बिलं फाडतो. लाळेच्या नमुन्यावरून ‘हृदय आणि मधुमेहाचा जनुकीय धोका’ गुणांत सांगणारी पॅकेजं आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाहीत. हे गुण ज्या अभ्यासांवर बेतलेले आहेत त्यांतले २०१९ पर्यंतचे सुमारे ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. आपल्या दहा हजार लोकांचा जनुकसंच जीनोम इंडिया प्रकल्पातून २०२५ च्या सुरुवातीला संशोधकांसाठी खुला झाला. त्याचं पीक यायला वेळ आहे. आणि समजा गुण अचूक आले, तरी पुढे काय करायचं? अमेरिकेत आणि स्वीडनमध्ये ५५ हजारांहून अधिक लोकांवर २०१६ मध्ये हेच पाहिलं गेलं. जनुकीय धोका सर्वांत जास्त असलेल्या गटातही जे तंबाखूपासून दूर, स्थूल नसलेले, हालचाल करणारे आणि बरं खाणारे होते (चारपैकी तीन गोष्टी पुरेशा धरल्या), त्यांना हृदयविकाराचा धोका ४६ टक्क्यांनी कमी होता. सल्ला तोच राहतो. मग त्या पैशात शिंप्याचा फीत आणि एक प्रमाणित बीपी मशीन घ्यावं.

फीत वापरायचा तर नीट. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे. पोट सुटलेला माणूस पँट पोटाखाली बांधतो आणि ३४ वर खूश असतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, कपड्यावरून नाही, श्वास सहज सोडल्यावर. बीपीसाठी पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं, आधी अर्धा तास चहा-खर्रा नाही, हात हृदयाच्या उंचीवर, आणि जाड दंडाला मोठा कफ. लहान कफ खोटा जास्त आकडा देतो.

सिकलसेलचा विषय इथे दुसऱ्या दाराने परत येतो, आणि विदर्भात तो रोजच्या कामाचा आहे. एचबीए१सी ही तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात या गृहीतावर उभी आहे. एसएस रुग्णाच्या पेशी दोन-तीन आठवड्यांतच मोडतात, त्यामुळे साखर कितीही असली तरी आकडा खोटा कमी येतो. त्यांच्यासाठी ही तपासणी वापरूच नये. उपाशी आणि ७५ ग्रॅम ग्लुकोजनंतरची साखर पाहावी. एएस वाहकांत गोष्ट यंत्राच्या पद्धतीवर अवलंबून असते, आणि पद्धत चांगली असली तरी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांच्या २०१७ च्या अभ्यासात त्याच साखरेला वाहकांचा आकडा सुमारे ०.३ ने कमी निघाला होता. ६.५ च्या सीमारेषेवर ०.३ म्हणजे निदान हुकणं. उलट लोहाच्या कमतरतेने हाच आकडा खोटा वाढतो. एएस पॅटर्न आणि रक्तक्षय दोन्ही असलेल्या बाईचा एचबीए१सी ६.२ आला तर तो नेमका कोणत्या बाजूला चुकला आहे हे त्या आकड्यावरून कळणार नाही. जनुक तपासणीवर इतका उघड परिणाम करतं, तरी सिकलसेलच्या कार्डाबद्दल पॅथॉलॉजीत कोणी विचारत नाही.

आता शहर. ‘जीवनशैली’ म्हटलं की जबाबदारी एकट्या माणसावर येते. हिंगणा एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्याला सकाळी चालायला सांगणं सोपं आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो. सात वाजता ऊन चढतं आणि संध्याकाळी रस्ता तापलेलाच असतो. सावलीचा, अखंड, दुकानं न मांडलेला फुटपाथ हा आमच्याकडे हृदयरोगाच्या प्रतिबंधाचा भाग आहे, पण अर्थसंकल्पात तो सुशोभीकरणाच्या शीर्षकाखाली येतो. कोराडी आणि खापरखेड्याची कोळशावरची वीजकेंद्रं शहराच्या अंगणात आहेत. हवेतल्या सूक्ष्म कणांनी धमन्यांचा दाह वाढतो, झटक्यांचं प्रमाण वाढतं. आपली वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून ५. घराच्या खिडक्या बंद करून हा प्रश्न सुटत नाही.

खर्रा ही तर आमची खास ओळख. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यावर घोटून दिवसभर गालात. तोंडाच्या कॅन्सरची भीती लोकांना माहीत आहे, हृदयाची नाही. इंटरहार्टमध्ये तंबाखू चघळणाऱ्यांत झटक्याची शक्यता दुपटीहून जास्त निघाली. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, आणि खर्रा शाळेपासून हाकेच्या अंतरावरच्या पानठेल्यावरही मिळतो.

तेलाचा हिशेब घरीच करता येतो. माणशी दिवसाला २५ ते ३० ग्रॅम धरलं तर चौघांच्या घरात महिन्याला तीन ते साडेतीन किलो. म्हणजे १५ किलोचा पिपा चार-पाच महिने पुरायला हवा. तुमच्याकडे तो किती दिवसांत संपतो ते भिंतीवर तारीख लिहून बघा. मीठ माणशी ५ ग्रॅम धरलं तर एक किलोचा पुडा चौघांना ५० दिवस जायला हवा, आणि त्यात लोणचं-पापड-फरसाणातलं मीठ धरलेलंच नाही. सावजी रस्सा महिन्यातून एकदा खाणाऱ्याशी कोणाचं भांडण नसावं. रोज सकाळी तर्री-पोह्यावर तरंगणारं तेल आणि तेच तेल पुन्हा तापवलेलं, हा खरा प्रश्न आहे. तळणीच्या तेलातले ध्रुवीय घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. मोजायचं उपकरण हातात मावतं; ते घेऊन ठेल्यावर येणारा निरीक्षक मात्र दुर्मीळ. नियम पाळला गेला तर काय होतं हे ट्रान्स फॅटने दाखवलं आहे. २०२१ मध्ये ३ टक्के आणि २०२२ पासून २ टक्के ही मर्यादा आली, कारखान्यांनी वनस्पती तुपाची घडण बदलली, आणि कोणाच्याही मनोनिग्रहाची परीक्षा घ्यावी लागली नाही.

‘आनुवंशिक’ या शिक्क्याला पैशाचीही बाजू आहे. विमा कंपन्या आनुवंशिक आजार वगळण्याचं कलम घालून दावे नाकारत. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे आलेलं असंच एक प्रकरण हृदयाच्या स्नायूच्या आजाराचं होतं. न्यायालयाने हे सरसकट कलम भेदभावाचं ठरवलं आणि विमा नियामकाने कंपन्यांना त्या आधारावर दावे नाकारू नका असं कळवलं. डिस्चार्ज कार्डावर कारण नसताना हा शब्द लिहिणाऱ्या डॉक्टरांनी हे लक्षात ठेवावं.

सुधारणा करायची तर कागद तयारच आहे. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकासाठी एक तक्ता भरतात: वय, तंबाखू, दारू, कंबर, व्यायाम, आणि आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला बीपी, शुगर किंवा हृदयविकार आहे का. होय असेल तर २ गुण, नाही तर ०. बेरीज ४ च्या पुढे गेली की तपासणीला आधी पाठवायचं. या ‘होय’मध्ये ऐंशीव्या वर्षी शुगर निघालेली आई आणि एकेचाळिसाव्या वर्षी गेलेला भाऊ एकाच रांगेत बसतात. आणि ‘नाही’मध्ये ज्यांचं रक्त कधी तपासलंच गेलं नाही असे सगळे आई-वडील. त्यामुळे नागपूर जिल्ह्यापुरते तरी तीन रकाने वाढवून पाहावेत. कोणाला, आणि कोणत्या वयात. वडील किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आई किंवा बहिणीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल तर त्या घरातल्या प्रत्येकाची लिपिड तपासणी अठराव्या वर्षीच, तिशीची वाट न पाहता. कधी तपासलं होतं का. ‘माहीत नाही’ हे वेगळं उत्तर, त्याला ‘नाही’ धरायचं नाही. बाईला गरोदरपणात साखर निघाली होती का, आणि कोणत्या मुलाच्या वेळी, कारण तो रकाना त्या मुलाच्याही कामाचा आहे. आणि सगळ्यांत वर, नावाशेजारी, सिकलसेलचा पॅटर्न. तो लिहिलेला नसेल तर खालच्या ओळीतली एचबीए१सी वाचायची कशी, हे लॅबलाही सांगता येणार नाही.